कोटेशनमधला कुठला आकडा हलतो, कुठला नाही

वाचकाचं पत्र

मी साताऱ्यात अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. घरात २०१४ ची जुनी हॅचबॅक आहे, ती यजमानांच्या नावावर. आता पेट्रोलची नवी, बाराशे सीसीची छोटी गाडी माझ्या नावावर घ्यायची आहे. शोरूमनं दिलेलं कोटेशन असं: एक्स-शोरूम ७,४०,०००, आरटीओ ९२,५००, इन्शुरन्स ४४,९००, हँडलिंग व लॉजिस्टिक्स ८,५००, अॅक्सेसरीज किट १८,०००, एक्स्टेंडेड वॉरंटी १२,०००, फास्टॅग ६००. एकूण ९,१६,५००, त्यातून १५,००० ची सूट, म्हणजे ऑन-रोड ९,०१,५००. आणखी घासाघीस केली तर ‘मॅनेजरसाहेबांशी बोलून पाच हजार बघतो’ म्हणतात. जुन्या गाडीचे १,३५,००० आणि वर २०,००० एक्स्चेंज बोनस सांगितलाय. सहा लाखांचं कर्जही तेच करून देणार. गाडी दसऱ्याला दारात हवी. सूट किती मागावी? आणि फसवणूक तर होत नाही ना?

उत्तर

ताई, नमस्कार.

सूट किती मागायची हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. पंधराचे वीस हजार झाले तरी तुमचं कोटेशन महागच राहील, कारण सूट ज्या आकड्यातून वजा होते तो आकडाच फुगवलेला आहे. सेल्समनला सुटीवर बोलायला आवडतं. तुम्ही पाच हजार सोडवून घेतल्याच्या समाधानात घरी जाता आणि इन्शुरन्सच्या ओळीत पंधरा हजार तसेच राहतात. फसवणूक हा शब्द मात्र जरा जड आहे. या धंद्याची रीतच अशी आहे, आणि कागद हातात घेऊन एकेक ओळ विचारणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ती बऱ्यापैकी नमते.

तेव्हा ओळीओळीनं जाऊ.

एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि ती संकेतस्थळावर असते. व्हेरिएंटचं पूर्ण नाव जुळवून ती ताडून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी सेससह २९ वरून १८ टक्क्यांवर आला. ही कपात यादीतल्या किमतीत आधीच उतरली आहे. ‘जीएसटीमुळे तुमचे साठ हजार वाचले’ हे खरं असलं तरी ती शोरूमनं दिलेली सूट नाही. ते वाक्य ऐकून घ्या आणि पुढच्या ओळीवर या.

आरटीओ. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के. ७,४०,००० वर ८१,४०० होतात. त्यावर थोडा रस्ता सुरक्षा उपकर, नोंदणी फी ६००, कर्जाचा बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्डचे २०० आणि किरकोळ टपालखर्च. सगळं धरून साडेपंच्याऐंशी हजारांच्या आसपास. तुम्हाला ९२,५०० सांगितलेत. वरचे सात हजार ‘आरटीओ खर्च’ या नावाखाली शोरूममध्येच राहतात. इथे वाद घालायची गरज नाही. एवढंच म्हणा, ‘आरटीओची जी सरकारी पावती निघेल तेवढे मी देणार, पावतीची प्रत मला हवी.’ कर ऑनलाइन भरला जातो आणि प्रत्येक पैशाची पावती निघते, हे त्यांनाही ठाऊक असतं. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही काढायला सांगा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीची प्लेट गाडीबरोबरच येते, तिचा खर्च किमतीत धरलेला असतो.

हँडलिंग व लॉजिस्टिक्स ८,५००. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत येतो. स्टॉकयार्डातून शोरूमपर्यंत आणणं आणि धुऊन-पुसून देणं हा दुकानदाराचा खर्च. सरकारकडे यातला रुपयाही जात नाही. ही ओळ पूर्ण काढून टाका, अर्धी करून घेऊ नका. ‘सगळेच घेतात’ हे उत्तर येईल. त्यावर ‘या नावाचं जीएसटी बिल वेगळं द्या’ म्हटलं की बहुधा ती ओळ गळते, किंवा तेवढीच रक्कम सुटीत वाढते. दोन्ही चालेल.

आता इन्शुरन्स. खरा पैसा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरानं हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला तो १०,६४० रुपये. हा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना सारखाच, त्यामुळे इथे घासाघीस नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, म्हणजे ओन डॅमेज, एक वर्षाचा असतो आणि त्याचा दर कंपनी स्वतः ठरवते. खेळ होतो तो इथे. नव्या गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, म्हणजे तुमच्या गाडीची ७,०३,०००. साताऱ्याच्या झोनमध्ये जुना टॅरिफ दर (पूर्वी सगळ्या कंपन्यांना ठरवून दिलेला) ३.१९१ टक्के, त्यानं ओन डॅमेजचे २२,४३३ होतात. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाचं नुकसान) आणि कन्झ्युमेबल्स (ऑइल, नट-बोल्ट वगैरे) या अॅड-ऑनचे, म्हणजे जादा संरक्षणाचे, मिळून अंदाजे पाच हजार धरा, थर्ड पार्टीचे १०,६४० मिळवा आणि वर १८ टक्के जीएसटी. बेरीज जवळजवळ ४४,९०० येते. म्हणजे तुम्हाला जे कोटेशन मिळालं त्यात ओन डॅमेजवर सूट जवळपास शून्य आहे.

हीच पॉलिसी बाहेर घेताना ओन डॅमेजवर ५०-६० टक्के सूट सहज मिळते. ६० टक्के धरली तर २२,४३३ चे ८,९७३ होतात आणि जीएसटीसकट एकूण २९ हजारांच्या घरात येतं. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा धरून तीस हजार समजा. (असा विमा दुसऱ्या गाडीवर किंवा स्वतंत्र तुमच्याच नावावर आधीच असेल, तर पुन्हा घ्यावा लागत नाही. यजमानांच्या नावावरचा तुम्हाला चालणार नाही.) फरक पंधरा हजारांचा. विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती कुणालाही करता येत नाही.

तरी ‘विमा बाहेरून आणणार’ असं पहिल्याच भेटीत जाहीर करू नका. विम्यावर शोरूमला मोबदला मिळतो. तो जाणार म्हटल्यावर ‘मग सूट दहा हजारांनी कमी’ असं सुरू होतं. आधी गाडीवरची सूट लेखी घ्या. मग त्याच आयडीव्हीचं आणि त्याच अॅड-ऑनचं बाहेरचं कोटेशन पुढे ठेवा आणि म्हणा, ‘एवढ्यात देत असाल तर तुमच्याकडूनच घेते.’ पुष्कळ वेळा देतात. दोनेक हजार जास्त सांगितले तरी घ्यायला हरकत नाही, क्लेमच्या वेळी कागदपत्रांची धावपळ त्यांच्यावर राहते. तुलना करताना आयडीव्ही कमी दाखवून हप्ता स्वस्त केलेला नाही ना, तेवढं बघा. ‘बाहेरच्या पॉलिसीला आमच्याकडे कॅशलेस नाही’ असं सांगतील. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर नेटवर्क गॅरेजची यादी असते. तिथे याच शोरूमच्या वर्कशॉपचं नाव सापडलं की तो मुद्दा संपला.

जुन्या गाडीचा नो क्लेम बोनसही असेल. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजवर ५० टक्के, म्हणजे वरच्या हिशेबात साडेचार हजार आणि त्यावरचा जीएसटी. हा बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. मेख अशी की जुनी गाडी यजमानांच्या नावावर आणि नवी तुमच्या. नवराबायकोतही तो बदलून मिळत नाही. उलट तुमच्या नावावर गाडी घेतली तर शिक्षक म्हणून कॉर्पोरेट डिस्काउंट मिळू शकतो. बऱ्याच कंपन्यांच्या यादीत सरकारी आणि अनुदानित शाळांचे कर्मचारी असतात. तो सेल्समन आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो. ओळखपत्र आणि पगारपत्रक लागतं. काही ठिकाणी पती किंवा पत्नीच्या नोकरीवरही देतात. तसं असेल तर गाडी यजमानांच्या नावावर घेऊन दोन्ही फायदे पदरात पडतील. नसेल तर दोन रकमा शेजारी मांडा आणि ठरवा. बोनस वापरायचा असेल तर जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं.

अॅक्सेसरीज किट १८,००० आणि एक्स्टेंडेड वॉरंटी १२,०००. या दोन्ही ऐच्छिक आहेत. मॅट, मडफ्लॅप आणि बॉडी कव्हर या तीन वस्तू फुकट मागा, बोलणी संपताना त्या बहुतेक मिळतात. सीट कव्हर घेताना पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी आहे का ते बघा. असेल तर साधं घट्ट कव्हर तिथे चढवू नये, एअरबॅग उघडताना अडते. शिवणीत जागा सोडलेलं कव्हरच हवं. अंडरबॉडी कोटिंग आणि पेंटवरचं टेफ्लॉन यांना साफ नाही म्हणा. गाडी कोकणात किनाऱ्यालगत राहणार असती तर खालच्या कोटिंगचा विचार केला असता, साताऱ्यात नाही. वाढीव वॉरंटी वाईट नाही, फक्त आजच घ्यायची घाई नको. बहुतेक कंपन्यांत ती मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत घेता येते, उशीर होईल तसा दर चढतो. वर्षाला पाच-सात हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला तिची निकड कमी.

आता बेरीज. आरटीओचे सात हजार, हँडलिंगचे साडेआठ आणि विम्यातले १४,९००, मिळून ३०,४००. यात गाडीतलं काहीही कमी होत नाही. दोन ऐच्छिक ओळी धरल्या तर आणखी तीस हजार. सुटीचा विषय अजून निघालेलाच नाही.

सूट दोन खिशांतून येते, हे लक्षात ठेवून मागा. पहिला खिसा कंपनीचा: त्या महिन्याची ग्राहक योजना, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट. हे सगळ्या डीलरांना सारखं असतं आणि महिन्याच्या सुरुवातीला बदलतं. ‘या महिन्याचं कंपनीचं स्कीम सर्क्युलर काय आहे?’ असं थेट विचारा. त्यात असलेली रक्कम डीलरनं तुमच्यापर्यंत पोहोचवायची असते, ती त्याची मेहेरबानी नाही. दुसरा खिसा डीलरचा स्वतःचा. छोट्या गाडीवर त्याचं मार्जिन फार तर चार-पाच टक्के, आणि त्यातूनच पगार, जागेचं भाडं आणि उभ्या गाड्यांवरचं व्याज निघतं. सात-साडेसात लाखांच्या गाडीवर यातून दहा-पंधरा हजार निघाले तर सौदा चांगला झाला म्हणायचं. पन्नास हजार मागून बसलात तर तो नाही म्हणणार आणि ते खोटं नसेल. वेटिंग असलेल्या मॉडेलवर हा दुसरा खिसा शिवलेलाच असतो. तिथे विमा आणि हँडलिंग सुटलं तरी पुष्कळ.

भाव काढायचा तर तीन ठिकाणचा काढा: सातारा, कराड आणि पुणे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही आरटीओत नोंदणी करता येते आणि कर राज्यभर सारखाच आहे. पुण्यात घेतलेली गाडी साताऱ्यात चालवायला काहीही आडकाठी नाही. पुण्यात एकाच कंपनीचे अनेक डीलर आहेत, त्यामुळे त्यांची आपापसातली चढाओढ तुमच्या उपयोगाची. तिघांनाही एकच मजकूर पाठवा: मॉडेल, व्हेरिएंट, रंग, ‘चालू वर्षाचं उत्पादन’ आणि ‘विम्याशिवाय व अॅक्सेसरीजशिवाय शेवटचा आकडा, ओळीनिहाय, लेटरहेडवर’. तोंडी भावाला किंमत देऊ नका. सर्वांत कमी आकडा घेऊन साताऱ्याच्या शोरूममध्ये जा. त्यांनी तीन-चार हजार जास्त सांगितले तरी घराजवळचा डीलर बरा, कारण लहानसहान तक्रारींसाठी तिथेच जायचं असतं. दहा हजारांहून जास्त फरक असेल तर पुण्याहून आणा. सर्व्हिसिंग कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये होतं.

दसऱ्याचा आग्रह धरून दसऱ्याच्याच आठवड्यात बोलणी करायला गेलात तर हातात काही लागणार नाही. तेव्हा शोरूममध्ये बसायला खुर्ची मिळत नाही, सूट कुठून मिळणार! त्याआधी पितृपक्षाचे पंधरा दिवस असतात. आपल्याकडे कुणी त्यात गाडी घेत नाही, शोरूम ओस असतात, महिन्याचं टार्गेट मात्र कंपनी सोडत नाही. बोलणी तेव्हा करा, तीही महिन्याच्या २५ तारखेनंतर जमली तर उत्तम. घरच्यांची हरकत नसेल तर नोंदणीही त्याच महिन्यात करून टाका आणि गाडी दसऱ्याला घरी आणा. ‘नोंदणी याच महिन्यात लावा’ हे वाक्य मॅनेजरच्या कानाला गोड लागतं, कारण त्याचा इन्सेंटिव्ह महिन्याच्या आकड्यावर ठरतो. तेवढ्या गोडीचे पाच हजार मागायला हरकत नाही.

जुन्या गाडीचं बोलणं नव्या गाडीच्या बोलण्यात मिसळू देऊ नका. एकीकडे दिलेलं दुसरीकडून काढून घ्यायला तो सोपा रस्ता आहे. नव्या गाडीचा आकडा कागदावर आल्यावरच जुनीचा विषय काढा. तोवर बाहेरच्या दोन-तीन वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांकडून भाव घेऊन ठेवा. १,३५,००० अधिक २०,००० म्हणजे हातात १,५५,०००. बाहेर १,६५,००० मिळत असतील तर बोनस सोडून द्या. शोरूमला मात्र त्याआधी एक संधी द्या, मूल्यांकन वाढवायला त्यांच्याकडे बऱ्यापैकी जागा असते. कुठेही विका, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नाव बदलल्याचा पुरावा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. उद्या ती गाडी कुठे ठोकली तर नोटीस यजमानांच्या नावानं येईल.

कर्जाबद्दल थोडक्यात. ‘महिना किती परवडेल?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नका, मुदत ताणून कुठलाही हप्ता परवडणारा करता येतो. तुमचा पगार ज्या बँकेत येतो तिथलं मंजुरीपत्र आधी आणा. सहा लाख, पाच वर्षं: ९ टक्क्यांनी हप्ता १२,४५५ आणि पावणेदहानं १२,६७४. महिन्याला दोनशे एकोणीस रुपये म्हणून कुणी हसेल, पण पाच वर्षांत ते तेरा हजारांवर जातात. प्रोसेसिंग फी, मुदतीआधी फेडल्यास दंड आणि कर्जाबरोबर गळ्यात मारलेला आयुर्विमा, हे तिन्ही विचारा. दर ‘फ्लॅट’ (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज) सांगत असतील तर तो आकडा विसरा आणि रिड्यूसिंग (फक्त उरलेल्या रकमेवरचा) दर मागा.

बुकिंग पाच-दहा हजारांच्या वर देऊ नका, आणि फॉर्मवर शेवटचा आकडा, फुकट वस्तूंची यादी, उत्पादनाचं वर्ष, डिलिव्हरीची तारीख आणि रद्द केल्यास किती परत, हे लिहून घ्या. बारीक अक्षरात ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असं छापलेलं असतं. त्याच्या शेजारी ‘किंमत व सूट अमुक तारखेपर्यंत कायम’ असं हातानं लिहून मॅनेजरची सही आणि शिक्का घ्या. पैसे डीलरच्या कंपनीच्या खात्यातच भरा, सेल्समनच्या खात्यावर नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं बंद आहे, त्यामुळे ‘रोख दिलंत तर बघू’ ही भाषा ऐकायचीच नाही.

बाकीची रक्कम भरण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी गाडी दिवसाउजेडी स्टॉकयार्डात जाऊन बघा. एकदा तुमच्या नावावर चढली की बदलून मिळणं अवघड. चॅसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि बहुतेक कंपन्यांत दहावं अक्षर वर्ष सांगतं: आर म्हणजे २०२४, एस २०२५, टी २०२६. महिना आणि वर्ष दोन्ही फॉर्म २१ वर, म्हणजे डीलरच्या विक्री प्रमाणपत्रावर, छापलेले असतात, ते जुळवा. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरांत आणि स्टेपनीत फार तफावत असेल तर विचारा का. काचांवरचे छाप सारखे आहेत का, दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, एखाद्या पत्र्याचा रंग शेजारच्यापेक्षा वेगळा चमकतोय का, तेही बघा. मीटरवर शंभराच्या वर किलोमीटर असतील तर ती टेस्ट ड्राइव्हला फिरलेली असू शकते. गेल्या वर्षाची गाडी देत असतील तर ती वाईट नसते, पण विकताना एक वर्ष जुनी धरली जाते. वरच्या सगळ्या सुटींशिवाय वेगळे तीस-चाळीस हजार सुटत नसतील तर तिला हात लावू नका.

गाडी ताब्यात घेताना टॅक्स इन्व्हॉइस, विमा पॉलिसी, कराची पावती, फॉर्म २१ व २२, वॉरंटी पुस्तिका आणि दोन्ही किल्ल्या मोजून घ्या. इन्व्हॉइसवरची रक्कम, पॉलिसीचा हप्ता आणि कराची पावती यांची बेरीज करा. फास्टॅगचे सहाशे आणि पसंतीनं घेतलेल्या एखाद्या वस्तूचं बिल त्यात मिळवा. तुम्ही दिलेल्या पैशाशी ही बेरीज जुळली नाही, तर जी रक्कम उरेल तिची पावती मागा. पावती नसेल तर गेटपासवर सही करण्याआधी तेवढे पैसे परत घ्या.